कोल्हापुरातील घरगुती नळव्यवस्था व महापूर

घरात येणारे पिण्याचे पाणी साठवणाऱ्या व खेळवणाऱ्या आणि वापरलेले पाणी घराबाहेर वाहून नेणाऱ्या नळ, टाक्या, झडपा, मोऱ्या व शौचकूप यांच्या एकत्रित मांडणीस घरगुती नळव्यवस्था म्हणतात. तिच्या दोन शाखा असतात : एक शुद्ध पाण्याची व दुसरी सांडपाण्याची. ह्या दोन शाखा एकमेकींपासून कायम अलग राखणे, हे नळव्यवस्थेचे पहिले सूत्र होय. अतिवृष्टी, वादळ व महापूर ह्या आपत्तींत नेमके हेच सूत्र मोडण्याचा धोका असतो. कोल्हापूर शहर हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे. पंचगंगेच्या १९८९, २००५, २०१९ व २०२१ मधील मोठ्या पुरांचा शहराला उपद्रव झाला. त्यांपैकी २०१९ व २०२१ च्या महापुरांत नदी दारापर्यंत आली असताना घरोघरचे नळ मात्र कोरडे पडले. हा विरोधाभास केवळ निसर्गाच्या कोपामुळे उद्‌भवलेला नाही. शहराने आपले पाणी निरनिराळ्या काळी कोठून घेतले व ते घरात कसे आणले, ह्या इतिहासात त्याची कारणे सापडतात.

भूरचना व पुराचे स्वरूप : कोल्हापूर शहर पंचगंगेच्या दक्षिण तीरावर वसले आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व लोकश्रद्धेनुसार गुप्त असलेली सरस्वती ह्या पाच नद्यांवरून पंचगंगा हे नाव पडले. शहराच्या वायव्येस प्रयाग चिखली येथे संगम होऊन ती शहराच्या पश्चिम व उत्तर बाजूंनी वाहते आणि पुढे नरसोबाच्या वाडीजवळ कृष्णेस मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावडा येथे वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. कोल्हापुरात तो सु. १,००० मिमी. आणि पूर्वेकडील शिरोळ भागात त्याच्याही निम्म्याच्या आसपास असतो. त्यामुळे शहरात पावसाची उघडीप असतानाही घाटमाथ्यावरील पावसाने नदीला पूर येऊ शकतो. कोल्हापूरच्या खाली नदीचा उतार मंद आहे व पात्र नागमोडी आहे. कृष्णेलाही त्याच वेळी पूर असेल, तर संगमापाशी पंचगंगेचे पाणी तुंबते आणि त्याचा फुगवटा मागे सरकत येतो. हा पूर डोंगरी नदीच्या लोंढ्यासारखा येऊन लगेच ओसरत नाही; हळूहळू चढतो, काही दिवस थबकतो व सावकाश उतरतो. घरगुती नळव्यवस्थेच्या दृष्टीने ह्या मंद गतीचे दोन परिणाम संभवतात. पूर्वतयारीस थोडा अवधी मिळतो. पण जमिनीखालील टाक्या, नळ व चेंबर हे दीर्घकाळ पाण्याखाली राहतात.

पुराची पातळी कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजण्याचा प्रघात आहे. येथे ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. नदीचे पाणी शहरात मुख्यतः नाल्यांच्या मार्गाने शिरते. शहराच्या मध्यातून वाहणारा जयंती नाला एरवी सांडपाणी व पावसाचे पाणी नदीकडे नेतो. नदी चढली, की तेच पाणी उलट फिरते. त्यामुळे सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, रमणमळा, बापट कॅम्प इ. भाग पाण्याखाली जातात. अंबाबाईच्या मंदिराभोवतीचे जुने शहर उंचवट्यावर असल्याने तेथे पूर पोहोचत नाही. जुन्या वस्तीची जागा निवडताना पुराचे भान राखले गेले होते, असे यावरून दिसते. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत वस्ती वाढत नाल्याकाठच्या व नदीकाठच्या सखल जमिनींवर उतरली, तेव्हा हे भान सुटत गेले.

जुनी जलव्यवस्था : कोल्हापूर हे तळ्यांचे शहर म्हणून ओळखले जाई. रंकाळा व कोटितीर्थ ही तळी आजही आहेत. वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर इ. तळी कालांतराने बुजवण्यात आली. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान, कपिलतीर्थाच्या जागी मंडई व रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. ही तळी पावसाचे पाणी सामावून घेत व भोवतालच्या विहिरींना झरे पुरवीत. ती बुजल्यावर पावसाच्या पाण्याला नाल्याकडे धावण्यावाचून दुसरी वाट उरली नाही.

वाड्यांतून आड किंवा विहीर असे. रहाटाने ओढलेले पाणी हंडे, घागरी व रांजण यांत साठवले जाई. न्हाणीघरातील सांडपाणी मोरीतून परसातील झाडांना अथवा उघड्या गटारात जाई आणि शौचकूप घरापासून दूर, परसाच्या टोकाला असे. ह्या मांडणीत सोयीसुविधा अल्प होत्या. तथापि पिण्याचे पाणी व मैला यांना जोडणारा एकही बंद नळ घरात नव्हता. धोका होता तो आडाचा. कठडा ठेंगणा असलेल्या आडात पुराचे किंवा गटाराचे पाणी उतरले, म्हणजे सगळ्या वाड्याचे पाणी बिघडे.

दूरवरचे पाणी उंचीच्या आधारे शहरात आणण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी येथे, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, भूमिगत नहर बांधली. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यातील हौदांत खेळवले गेले. कोल्हापुरातही दक्षिणेकडील कात्यायनीच्या बाजूचे पाणी शहराकडे वळवण्यात आले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानी राजवटीत कळंबा तलावाची योजना झाली. कात्यायनीच्या परिसरातील डोंगरउतारांवरचे पाणी ह्या तलावात जमते. तलाव शहराच्या दक्षिणेस व शहरापेक्षा उंचावर असल्याने त्याचे पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने शहरात येई. मंगळवार पेठेतील ‘पाण्याचा खजिना’ हे वस्तीचे नाव त्या काळच्या जलव्यवस्थेची आठवण देते.

कळंब्याच्या योजनेचा एक गुण पुढील काळाच्या अनुभवाने विशेष ध्यानात येतो. तिचा उद्‌गम नदीच्या पूररेषेपासून दूर व उंचावर होता आणि पाणी वाहण्यास यंत्राची गरज नव्हती. पंचगंगेला कितीही पूर आला, तरी ह्या व्यवस्थेच्या मुळाला धक्का लागण्याचे कारण नव्हते. तिची मर्यादा वेगळी होती. तलावाचे पाणलोट क्षेत्र लहान व साठा बेताचा होता. वाढत्या शहराला तो पुरण्यासारखा नव्हता.

नदीवरील उपसा योजना : कोल्हापूर नगरपालिकेची स्थापना १८५४ मध्ये झाली. ह्याच वर्षी लंडनच्या सोहो भागातील पटकीच्या साथीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या दूषित पाण्याशी असल्याचे जॉन स्नो ह्या वैद्याने दाखवून दिले. पिण्याचे पाणी व मैला यांचा संपर्क तोडणे हे नगरशासनाचे कर्तव्य आहे, ही जाणीव त्यानंतर जगभर रुजत गेली आणि बंद नळांच्या योजना प्रतिष्ठा पावल्या. मुंबईस १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी मिळू लागले.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. विसाव्या शतकात शहराची वस्ती वाढत गेली, तसा पाणीपुरवठ्याचा भार नदीकडे वळला. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) भोगावतीवर राधानगरी येथे धरणाचे काम सुरू झाले व ते पुढे स्वातंत्र्योत्तर काळात पूर्ण झाले. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातील ‘कोल्हापूर पद्धतीच्या’ बंधाऱ्यांनी अडवता येऊ लागले व उन्हाळ्यातही नदीत पाणी राहू लागले. ह्या बंधाऱ्यांच्या फळ्या पावसाळ्यापूर्वी काढून पावसाळा संपताना पुन्हा घालतात. बारमाही झालेली नदी शहराच्या जवळ होती व तिच्यातील पाणी विपुल होते. साहजिकच बालिंगा, शिंगणापूर इ. ठिकाणी नदीकाठी उपसा केंद्रे झाली. तेथून विजेच्या पंपांनी उचललेले पाणी शुद्धीकरण केंद्रांत व उंच टाक्यांत चढवून शहरात वाटले जाऊ लागले. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि ह्याच केंद्रांवर शहराचे अवलंबन वाढत गेले.

हा बदल मूलगामी होता. पूर्वी पाणी उंचावरून खाली येत असे. आता ते खालून वर चढवावे लागू लागले. उपसा केंद्र नदीला लागूनच असावे लागते, म्हणजे ते पूरक्षेत्रातच येते. त्याचे पंप, मोटारी व विजेचे फलक एकदा बुडाले, की शुद्धीकरण केंद्र शाबूत असूनही शहराला पाणी मिळत नाही. पुण्यास ह्याच प्रकारचा अनुभव वेगळ्या कारणाने आला होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून खडकवासल्याचेही धरण वाहून गेले, तेव्हा पुराने शहर तर उद्ध्वस्त केलेच. शिवाय शहराचा पाण्याचा आधारही नाहीसा केला. पुराची आपत्ती व पाणीटंचाईची आपत्ती एकाच वेळी येऊ शकतात, हा त्यातील धडा होता.

घरातील स्थित्यंतर : शहराच्या योजनेबरोबर घराचे अंतरंगही पालटले. प्रथम चौकातील नळकोंडाळे, नंतर वाड्यातील सामाईक नळ व अखेरीस प्रत्येक स्वयंपाकघरातील तोटी, असा हा क्रम होता. बिडाचे व जस्तलेपित लोखंडी नळ जाऊन प्लॅस्टिकचे नळ आले. पाणी ठरावीक वेळीच सुटत असल्याने ते साठवणे भाग पडले. अंगणात वा वाहनतळाखाली जमिनीतील टाकी, गच्चीवर दुसरी टाकी व दोहोंमध्ये विजेची मोटार, ही रचना सार्वत्रिक झाली. शौचकूप परसातून घरात, पुढे शयनगृहाला लागून आला. त्याचा नळ मैलाटाकीला किंवा रस्त्यातील भुयारी गटाराला जोडला गेला.

ह्या स्थित्यंतराने आरोग्य व सोय ह्या दोन्ही दृष्टींनी मोठा लाभ झाला, विशेषतः पाणी वाहण्याचे स्त्रियांचे कष्ट कमी झाले. मात्र त्याबरोबर घर शहराच्या सर्व भूमिगत वाहिन्यांशी जोडले गेले. पुराचे पाणी पूर्वी उंबरठा ओलांडून येई. आता त्याला जमिनीखालून येण्याच्या वाटा मिळाल्या.

२०१९ व २०२१ चे महापूर : ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या पंधरवड्यात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांहून अधिक झाली, म्हणजे धोका पातळीच्या १२ फुटांहून अधिक वर गेली. पुणे–बंगळुरू राष्ट्रीय महामार्ग शिरोली भागात पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद राहिला. नदीकाठची उपसा केंद्रे बुडाल्याने शहराचा पाणीपुरवठा ठप्प झाला. अनेक भागांतील वीजपुरवठाही खंडित झाल्याने ज्यांच्या जमिनीतील टाकीत पाणी शिल्लक होते, त्यांनाही ते गच्चीवर चढवता येईना. विहिरी, कूपनलिका व टँकर यांवर नागरिकांना विसंबावे लागले. टंचाईची ही झळ पूररेषेबाहेरील, उंचावरच्या पेठांनाही बसली. पूर ओसरल्यावरही बुडालेल्या मोटारी व विद्युत् यंत्रणा उघडून, सुकवून पुन्हा चालू करण्यात काही दिवस गेले.

जुलै २०२१ मध्ये पातळी ५६ फुटांच्या आसपास पोहोचली व पाणीपुरवठा पुन्हा बंद पडला. २०१९ च्या महापुरानंतर महाराष्ट्र शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली होती; तिने २०२० मध्ये अहवाल सादर केला. धरणांतील विसर्ग, नदीपात्रातील अडथळे व पूररेषेतील बांधकामे यांविषयी पुढे बरीच चर्चा झाली. साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची सीमा निळ्या रेषेने व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची सीमा लाल रेषेने दाखवतात. घराची नळव्यवस्था आखताना आपले घर ह्या दोन रेषांच्या संदर्भात कोठे आहे, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

सांडपाण्याचा उलट प्रवाह : एकमेकांना जोडलेल्या पात्रांतील पाणी समान पातळीवर येते, हा जलस्थितिविज्ञानातील नियम आहे. नाला व नदी चढल्यावर भुयारी गटारातील पाणीही त्याच पातळीपर्यंत चढू पाहते. तळमजल्यावरील शौचकूपाचे भांडे किंवा मोरीची जाळी त्या पातळीच्या खाली असेल, तर रस्त्यावरचे पाणी दारात येण्यापूर्वीच घरातील मोरीतून मैलापाणी वर येते. दाराशी वाळूची पोती रचून ते थांबत नाही. बाहेरील चेंबरजवळच्या नळावर एकमार्गी झडप बसवणे, हा त्यावरील मुख्य उपाय होय. घरातील पाणी बाहेर जाताना ती उघडते व बाहेरून दाब आला, की मिटते. तिच्या तोंडाशी चिंध्या वा गाळ अडकल्यास ती पूर्ण मिटत नाही, म्हणून पावसाळ्यापूर्वी ती साफ करावी लागते. झडप मिटलेली असताना घरातील सांडपाण्यालाही वाट नसते. अशा वेळी वरच्या मजल्यावर पाणी वापरल्यास ते तळमजल्यावरील मोरीतूनच बाहेर पडते. बहुमजली इमारतींत वरच्यांनी संयम पाळल्यावाचून खालच्यांचे रक्षण होत नाही. झडप नसल्यास वाळू भरलेली पिशवी प्लॅस्टिकमध्ये बांधून शौचकूपाच्या तोंडात घट्ट बसवणे व मोऱ्यांना बुचे मारणे, हा तात्पुरता उपाय करतात.

शुद्ध पाण्याच्या नळांतील प्रदूषण : सांडपाण्याचा उलट प्रवाह डोळ्यांना दिसतो व नाकाला जाणवतो, पिण्याच्या नळातील प्रदूषण मात्र दिसत नाही, म्हणून ते अधिक घातक असते. पुरवठा चालू असताना नळातील दाब बाहेरच्यापेक्षा अधिक असतो. सांध्यातून गळती झाली, तर पाणी आतून बाहेर जाते. पुरवठा बंद पडला, की नळ रिकामा होऊन आतील दाब घटतो. त्या वेळी भोवतालची जमीन गटाराच्या पाण्याने भिजलेली असेल, तर तेच पाणी सांध्यातून आत शोषले जाते. मुख्य नळालाच मोटार जोडून पाणी ओढण्याची चाल ह्या दृष्टीने विशेष अपायकारक आहे. तीमुळे नळातील दाब आणखी घटतो व एका घराच्या लोभापायी सगळ्या गल्लीत दूषित पाणी पसरू शकते.

हा धोका काल्पनिक नाही. २०१२ मध्ये पंचगंगेच्याच काठी, कोल्हापूरच्या पूर्वेस असलेल्या इचलकरंजी शहरात काविळीची मोठी साथ येऊन काही रुग्ण दगावले. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या ह्या साथीने पिण्याच्या पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्यांतील सान्निध्य किती महाग पडते, हे दाखवून दिले. आणि ती तर पुराविना आलेली होती. पुरानंतर कावीळ, विषमज्वर, अतिसार व पटकी यांची भीती असते, ती याच कारणाने. यांखेरीज जनावरांच्या, विशेषतः उंदरांच्या, मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग संभवतो.

टाक्यांचे संरक्षण : पुराची सूचना मिळताच टाक्या रिकाम्या न ठेवता काठोकाठ भराव्यात. याची कारणे दोन. पहिले म्हणजे पुढील काही दिवसांचे पाणी हाती राहते. दुसरे कारण उत्प्लावकतेचे आहे. १,००० लिटरची रिकामी प्लॅस्टिकची टाकी पाण्यात बुडाली, तर तिला सु. एक टन वजनाइतका वर ढकलणारा जोर लागतो. त्याने ती पट्ट्या तोडून तरंगते व तिला जोडलेले नळ मुळापासून निखळतात. जमिनीत पुरलेली प्लॅस्टिकची टाकी किंवा हलकी मैलाटाकीही भोवतालची माती पाण्याने भरल्यावर अशीच वर उचलली जाते. पुरानंतर जमीन ओली असताना मैलाटाकी घाईने उपसून काढणे त्यामुळेच धोक्याचे असते.

जमिनीतील टाकीचे झाकण फरशीच्या पातळीत ठेवण्याची पद्धत सोयीची असली, तरी पूरक्षेत्रात ती अयोग्य होय. टाकीचे तोंड कठडा बांधून उंच करणे, झाकणाला रबरी कडे लावून ते आवळून बसवणे आणि हवेसाठीचा नळ पूररेषेच्या वर नेऊन त्याच्या वाकवलेल्या तोंडाला जाळी लावणे इष्ट असते. आडाच्या बाबतीत कठडा उंच करणे, हाच जुना उपाय आजही लागू पडतो. मोटार व तिचा खटका पूररेषेच्या वर असावा. जमिनीलगतची मोटार पूर चढण्यापूर्वी वीज तोडून सोडवून वर ठेवता यावी, ह्यासाठी सुटी करता येणारी जोडणी वापरतात. भिजलेली मोटार तज्ञाकडून तपासल्याशिवाय सुरू केल्यास ती जळते व विजेचा धक्काही बसू शकतो.

वळीव व वीज : महापूर पावसाळ्याच्या मध्यात येतो, तत्पूर्वी चैत्र-वैशाखात वळिवाचे वादळ येते. अल्पकाळ टिकणारा हा पाऊस सोसाट्याचा वारा, गारा व विजा घेऊन येतो. उन्हाळ्यातील टंचाईमुळे गच्चीवरच्या टाक्या ह्याच दिवसांत अर्ध्यामुर्ध्या रिकाम्या असतात. भरलेली टाकी स्वतःच्या वजनाने स्थिर राहते. रिकामी टाकी वाऱ्याने गडगडते व नळ मोडून घरातील साठाही वाहून जातो. टाकी सपाट व भक्कम ओट्यावर ठेवून पट्ट्यांनी जखडणे, उन्हाने ठिसूळ झालेले प्लॅस्टिकचे उघडे नळ भिंतीला आधार देऊन बांधणे व प्रत्येक उभ्या नळावर बंद करण्याची चावी ठेवणे, हे त्यावरील साधे उपाय होत. लोखंडी नळ विद्युत्‌वाहक असल्याने विजा चमकत असताना नळाखाली स्नान करणे वा धुणे-भांडी करणे टाळावे. जुन्या घरांत लोखंडी नळांचा भूसंपर्क सुस्थितीत आहे किंवा नाही, हे पाहणे आवश्यक असते.

पूर ओसरल्यानंतरची शुद्धी : पाणी पुन्हा सुटल्यावर पहिले गढूळ पाणी टाकीत न घेता बाहेर सोडून द्यावे लागते. पुराचे पाणी शिरलेली टाकी उपसून, गाळ काढून, भिंती घासून विरंजक चूर्णाच्या तीव्र द्रावाने धुतात व तो द्राव घरातील सर्व नळांतून खेळवून मग काढून टाकतात. विहिरीच्या वा टाकीच्या बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यासाठी दर १,००० लिटरला सु. २·५ ग्रॅम चांगल्या प्रतीचे विरंजक चूर्ण पुरते व ते घातल्यावर किमान अर्धा तास थांबावे लागते. चूर्ण जुने वा सर्दावलेले असल्यास त्यातील क्लोरीन घटते. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळाशी संयोग पावून वाया जातो. म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ बसू देणे व नंतर क्लोरीन देणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. पाण्यात अवशिष्ट क्लोरीन उरला आहे किंवा नाही, हे महाराष्ट्रात ‘ओ. टी. चाचणी’ ह्या नावाने परिचित असलेल्या साध्या चाचणीने कळते. पाण्यास पिवळा रंग आल्यास क्लोरीन आहे असे समजतात. शंका असल्यास पाणी उकळून पिणे, हाच खात्रीचा मार्ग होय.

थेट नळयोजना व सद्यस्थिती : नदीकाठच्या उपशाऐवजी धरणातून थेट बंद नळाने पाणी आणावे, ही कोल्हापूरकरांची जुनी मागणी होती. तिच्यामागे मुख्य कारण नदीच्या प्रदूषणाचे होते. २०१९ च्या महापुराने तिला आणखी एक कारण जोडले. दूधगंगा नदीवरील काळम्मावाडी धरणापासून शहरालगतच्या पुईखडी शुद्धीकरण केंद्रापर्यंत सु. ५३ किमी. लांबीच्या ह्या योजनेचे पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात पोहोचले. दूधगंगेचे खोरे पंचगंगेच्या खोऱ्याहून वेगळे आहे व उद्‌गम शहराच्या पूरक्षेत्राबाहेर आहे. धरणाजवळ पंपांनी उचललेले पाणी पुढे मुख्यतः उताराने शहराकडे येते. कळंब्याच्या योजनेत जे तत्त्व होते, त्याकडेच शहर एका शतकाहून अधिक काळाने, मोठ्या प्रमाणावर, परत वळले असे म्हणता येईल. तथापि आरंभीच्या उपशासाठी वीज व यंत्रे लागतातच आणि एवढ्या लांबीच्या नळात एके ठिकाणी झालेला बिघाडही सर्व शहराला जाणवतो. म्हणून जुने उद्‌गम सांभाळून ठेवणे व नदीकाठच्या केंद्रांतील यंत्रे पूररेषेच्या वर ठेवणे यांची गरज संपलेली नाही. जुलै २०२४ मध्येही पंचगंगेने धोका पातळी ओलांडली होती.

शहराची योजना कितीही सुरक्षित झाली, तरी सांडपाण्याची बाजू नदीशी जोडलेलीच राहते, कारण सांडपाणी अखेर सखल भागाकडेच जाते. जयंती नाल्याचे पाणी उलट फिरेल, तोवर सुतारवाड्यातील वा शाहूपुरीतील तळघराला व तळमजल्याला धोका राहणार. एकमार्गी झडप, उंच कठड्याची टाकी, वर बसवलेली मोटार ही साधने फार खर्चाची नाहीत. परंतु ज्यांची घरे सर्वांत सखल भागात असतात, त्यांनाच ती बहुधा परवडत नाहीत. त्यामुळे घरगुती नळव्यवस्थेचे पूरसंरक्षण हा केवळ घरमालकाचा खाजगी प्रश्न मानता येत नाही. एका घराची सदोष मोरी किंवा मुख्य नळाला जोडलेली मोटार शेजारच्या दहा घरांचे पाणी बिघडवू शकते. बांधकाम परवाना देताना पूररेषेनुसार नळव्यवस्थेची तपासणी करणे व सखल वस्त्यांना झडपांसाठी साहाय्य देणे, ही नगरशासनाची कामे होत. आणि मृगापूर्वी झडप, झाकण व चेंबर उघडून पाहणे, हे प्रत्येक कुटुंबाचे.